निळ्या रेषेचा ठाव

जेवण झाल्यावर धाकट्या भावाला लागणारी डुलकी ही त्या घरातील घड्याळापेक्षाही वक्तशीर गोष्ट होती. त्यामुळे शुक्रवारी दुपारी दारावरची घंटा वाजली ती त्याला स्वप्नातच ऐकू आली. स्वप्नात तो जुन्या कचेरीतील उतरत्या फळ्यापुढे उभा राहून एका न संपणाऱ्या रेषेला शाई देत होता, आणि रेषेच्या दूरच्या टोकाशी कोणीतरी घंटा वाजवीत होते.

"ऊठ रे डुलक्या," थोरली बहीण म्हणाली. "कोणीतरी आलंय. आणि जी कोणी आहे ती दिवसभर हात धुणारी आहे."

"तुला कसं कळलं?"

"दाराच्या काचेवर हात टेकून उभी आहे. बोटं बघ, उन्हाने तडकलेल्या चिखलासारखी झालीत."

बहिणीने वजनमापे खात्यात उभी हयात काढली होती. खोटी वजने पकडताना तराजूचा काटा पूर्ण स्थिरावल्याखेरीज ती तोंडातून अक्षर काढीत नसे. म्हणून खात्यात तिला काटाबाई म्हणत, आणि निवृत्तीनंतर ती लोकांचे खाजगी तपास करू लागली तेव्हा हेच नाव तिच्यामागून घरापर्यंत आले. भाऊ सरकारी आरेखक होता. तो आलेख काढी, बहिणीची पिशवी धरी, आणि योग्य वेळी चुकीचा अंदाज सांगून तिला विचार करायला उसंत देई.

पाहुणी खुर्चीच्या कडेवर बसली. "मी तापाच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर," ती म्हणाली. "तळ्याकाठचं रुग्णालय आहे ना, तिथली. सोमवारी दुपारी रुग्णालयाच्या समितीची बैठक आहे. त्यात माझा वॉर्ड बंद होईल आणि माझ्या हातात नारळ पडेल. तुमच्याकडे तेवढाच अवधी आहे, बाई."

"आरोप काय?"

"की माझ्या वॉर्डात हट्टी जंतू पसरतायत, आणि ते आमच्या हातांनी पसरतायत."

काटाबाईने भावाकडे पाहिले. तो चेहऱ्यावर कळल्यासारखा भाव आणून बसला होता, म्हणजे त्याला काही कळले नव्हते. "माझ्या भावाला समजेल असं सांगा," ती म्हणाली.

सिस्टर प्रथमच थोडी हसली. "असं बघा भाऊ, कधीकधी जंतू थेट रक्तात शिरतात आणि माणूस तापाने फणफणतो. अशा वेळी आम्ही रक्त काढून दोन बाटल्यांत भरतो. बाटल्यांत जंतूंना आवडणारं खाद्य असतं. प्रयोगशाळेत त्या उबेत ठेवल्या की रक्तातले जंतू वाढतात, मग कोणतं औषध त्यांना मारतं ते तपासतात. काही जंतू नेहमीच्या साध्या औषधापुढे नमतात. काही नमत नाहीत, औषध पचवून उभेच राहतात. ते हट्टी."

"आणि हट्टी वाढले?"

"गेल्या वर्षी शंभर जंतू सापडले तर त्यांत पंचवीसएक हट्टी असायचे. आता निम्म्याहून जास्त. आलेख बघवत नाही. समितीचा असाही विचार आहे की सोमवारपासून प्रत्येक तापकऱ्याला राखून ठेवलेलं शेवटचं औषधच द्यायचं. तेही एकदा जंतूंनी पचवलं तर पुढे आमच्या हातात काही उरत नाही."

"तुमचं काय म्हणणं?"

सिस्टरने आपल्या हातांकडे पाहिले. "माझ्या हातून झालं असेल तर मला कळू दे. मी स्वतःहून एप्रन उतरवून ठेवीन. पण झालं नसेल, तर माझ्या पोरींच्या कपाळी हा शिक्का नको."

"वर्षाच्या सुरुवातीला वॉर्डात काय बदललं?"

"जे बदललं ते चांगलंच बदललं. खाटांच्या प्रत्येक रांगेला हात धुवायचं बेसिन आलं. आणि औषधाचे ट्रे आले." तिचा आवाज किंचित उंचावला. "गेल्या हिवाळ्यात एक मास्तर आमच्या डोळ्यांदेखत गेले. औषध खालच्या भांडारातून येईपर्यंत गेले. तेव्हाच ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. आता प्रत्येक खाटेच्या उशाशी ट्रे, आणि ट्रेमध्ये पहिला डोस तयार. डॉक्टरांच्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, औषध शिरेत. समोरच्या वॉर्डाला अजून वॉर्डबॉय मामांना खाली पिटाळावं लागतं."

"ताई, औषधच बोगस असणार," भाऊ म्हणाला. "भांडारवाल्याने पाणी भरलं असेल."

"असेलही," काटाबाई म्हणाली. हा शब्द ती वापरी तेव्हा तसे नसे, एवढे भावाला इतक्या वर्षांत कळले होते.

*

शनिवारी सकाळी तळ्यावरचे धुके रुग्णालयाच्या पायऱ्यांपर्यंत चढून आले होते. इमारत खालून पुसल्यासारखी वाटत होती. दोन मजले हवेत तरंगत होते आणि त्यांच्या खिडक्यांत दिवे होते. धुक्यातून पांढऱ्या कपड्यांतील माणसे येत आणि धुक्यातच विरत. भावाला आपण अजून घरी पलंगावरच आहोत असे दोनदा वाटून गेले.

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. तेथील प्रमुख डॉक्टर हेच समितीचेही अध्यक्ष होते. उंच, किडकिडीत, कमरेच्या साखळीला किल्ली लावलेला असा तो गृहस्थ होता. सिस्टरने दोघांची ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"वजनमापे? इथे भाजी तोलत नाहीत, बाई."

"म्हणून तर आले. भाजी तोलताना माणसं निदान पारड्याकडे बघतात."

डॉक्टरांना हे बोलणे रुचले नाही, पण मनात कोठेतरी आवडले असावे. कारण त्यांनी स्वतः पुढे होऊन यंत्र दाखवले. ते एक उबदार कपाट होते. आत शेकडो बाटल्या आडव्या निजल्या होत्या आणि संपूर्ण फळी संथपणे हेलकावत होती, जणू कोणी पाळण्याची दोरी धरून बसले आहे. प्रत्येक बाटलीपाशी एक विझलेला बारीक दिवा होता.

"जंतू वाढले की दिवा लागतो," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "मग आम्ही ते थाळीवर पसरतो आणि वर औषधाच्या टिकल्या ठेवतो." त्यांनी एक थाळी उजेडासमोर धरली. दुधाळ थरात एका टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटले होते, चंद्राला खळे पडावे तसे. "हे खळं म्हणजे जंतू मेले. खळं पडलं नाही म्हणजे हट्टी."

भाऊ त्या हेलकाव्यांकडे पाहत राहिला आणि त्याच्या पापण्या जडावल्या. काटाबाईने त्याला कोपराने ढोसले.

भिंतीवर आलेख होता. एकच लाल रेषा, वर वर चढणारी.

"ही हट्टींची संख्या?" काटाबाईने विचारले.

"हिस्सा. शंभरात किती, तो. सगळीकडे हिस्साच विचारतात."

"हिश्शाला दोन पारडी असतात, डॉक्टर. मला दोन्ही वेगवेगळी हवीत. किती हट्टी सापडले, आणि किती नमणारे सापडले."

डॉक्टरांनी नाराजीने आकडे काढून दिले. भावाने मांडीवर कागद घेतला, लाल आणि निळी पेन्सिल काढली, आणि थोड्याच वेळात त्याची झोप साफ उडाली.

लाल रेषा मुळीच चढलेली नव्हती. ती वर्षभर तळ्याच्या पाण्यासारखी सपाट पडून होती. खाली उतरली होती ती निळी रेषा, साध्या औषधापुढे नमणाऱ्या जंतूंची. ती दर महिन्याला बुडत चालली होती.

"म्हणजे हट्टी जंतू वाढलेच नाहीत," भाऊ म्हणाला. "साधे कमी झाले, म्हणून हट्टींचा हिस्सा मोठा दिसला. ताई, ही तर आनंदाची बातमी. संसर्गच कमी झाला."

"सिस्टर, तापकरी कमी झाले?"

"कुठले? खाटा पुरत नाहीत," सिस्टर म्हणाली. ती कागदाकडे एकटक पाहत होती.

"बाटल्या कमी येतात?"

"तितक्याच येतात," डॉक्टर म्हणाले. "मात्र 'काही वाढलं नाही' असा शेरा जास्त द्यावा लागतो हल्ली. समोरच्या वॉर्डाचं तसं नाही. त्यांचं गेल्या वर्षीसारखंच चाललंय."

"त्यांच्या बाटल्याही याच यंत्रात?"

"याच यंत्रात. याच हातांनी."

काटाबाईने मान हलवली. निघता निघता ती डॉक्टरांच्या कमरेकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ही किल्ली कसली, एवढी जपून ठेवलेली?"

"रिकाम्या बाटल्यांच्या कपाटाची. वॉर्डावॉर्डांत ठेवल्या की मुदत उलटून वाया जायच्या. माझा जीव तुटायचा. यंदापासून सगळ्या इथेच. निरोप आला की जोडी मिळते."

"मग एक जोडी मला द्या. सिस्टरांच्या नावावर."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि कुलूप उघडले.

*

औषधभांडार शेजारीच होते. तेथील प्रमुख गोलमटोल होते आणि घाबरले की जास्त बोलत.

"बोगस म्हणता? अहो, कंपनी नवी आहे, स्वस्त आहे, कबूल. पण म्हणून माझ्यावर घसरायचं? हीच औषधं दोन्ही वॉर्डांना जातात. सिस्टरांच्या ट्रेमध्ये मी आदल्या दिवशी भरून ठेवतो. समोरच्यांचा मामा लागेल तेव्हा येतो, माझ्याकडून औषध घेतो, पलीकडच्या दारातून बाटल्या घेतो आणि वर जातो. माझ्या बाजूने कसूर असेल तर दाखवा."

"कोणी तुमच्यावर घसरत नाही," काटाबाई म्हणाली. "फक्त हा माझा भाऊ. आणि तो लवकर सावरतो."

सिस्टरच्या वॉर्डाचे मामा जिन्यात भेटले. पन्नाशी उलटलेला, गुडघ्यावर पट्टा बांधलेला माणूस. हातात भरलेल्या बाटल्यांची जोडी होती आणि तो कठड्याला टेकून धुक्याकडे पाहत होता.

"इथे बराच वेळ टेकता वाटतं, मामा?" भावाने खोचकपणे विचारले.

"लिफ्ट बंद, गुडघा बंद. माझं तोंड तेवढं चालू आहे," मामा म्हणाले. "दोन मजले रिकाम्या बाटल्या वर न्यायच्या, भरल्या की पुन्हा खाली आणायच्या. बसतो जरा. बाटल्यांना काय घाई असते? सिस्टरांना मात्र सगळ्याची घाई."

जिना चढताना भाऊ कुजबुजला, "सापडला. हा गारठ्यात बाटल्या घेऊन बसतो. आतले जंतू मरत असणार."

"असेलही," काटाबाई म्हणाली.

*

वॉर्ड पांढरा आणि विलक्षण शांत होता. पडदे हवेने फुगत आणि पुन्हा निजत. प्रत्येक खाटेच्या उशाशी झाकलेला ट्रे होता, एका रेषेत, दृष्ट लागावी इतका नीटस. परिचारिकांच्या टेबलामागे भिंतीत एक कपाट होते. काटाबाईने ते उघडले. आत काही नव्हते. फक्त फळीवरच्या धुळीत गोल ठशांच्या रांगा होत्या.

"जुन्या बाटल्यांची जागा," सिस्टर म्हणाली. "पुसून घ्यायला सांगते."

"राहू द्या. सुंदर दिसतायत."

खिडकीजवळच्या खाटेवर एक सुतार होता. पटाशी लागून चिघळलेला अंगठा पट्टीत गुंडाळलेला होता. गेल्या महिन्यात तो असाच तापाने आला होता. बाटलीत काही वाढले नाही, ताप उतरला, औषध थांबवले, घरी गेला. या खेपेस पुन्हा तेच. ताप उतरला, बाटल्या पुन्हा कोऱ्या, कालपासून औषध बंद. त्याची बायको पायथ्याशी बसून संत्रे सोलत होती.

"आता बरं वाटतंय ना?" काटाबाईने विचारले.

"तरंगल्यासारखं वाटतंय," सुतार छताकडे पाहत म्हणाला. "ताप आला की मी रंधा मारत असतो बघा. लांब फळी, संपतच नाही. मग या हातातून गार ओघळ शिरतो. खांद्यापर्यंत गार, छातीपर्यंत गार. तो शिरला की मुंगी येते आणि त्या हाताला चावते. मग मामा बाटल्या घेऊन जातो. दर वेळी अस्संच. आधी ओघळ, मग मुंगी."

"तापात बरळतात हो," बायको ओशाळून म्हणाली. "आल्या दिवशी मला सासूबाई म्हणाले."

"मला तर त्यांचं बोलणं फार मुद्देसूद वाटलं," काटाबाई म्हणाली.

भाऊ शेजारच्या रिकाम्या स्टुलावर टेकला आणि जे व्हायचे तेच झाले. स्वप्नात एक लांब पांढरा बोळ होता. बोळातून माणसांच्या दोन रांगा येत होत्या, लाल सदऱ्यांची आणि निळ्या सदऱ्यांची. वाटेत पाण्याचा एक गार पाट आडवा वाहत होता. लाल सदरेवाले पाटातून सहज चालत आले. निळे उतरले ते मात्र पलीकडच्या काठावर आलेच नाहीत. पाणी तेवढे निळे झाले. आणि बोळाच्या या टोकाला डॉक्टर उभे राहून आलेल्यांना मोजत होते: लाल, लाल, लाल.

जाग आली तेव्हा उन्हाने धुके विरघळवले होते. त्याने काहीशा शरमेने बहिणीला स्वप्न सांगितले.

काटाबाईने त्याचा लाल-निळा कागद पुन्हा उलगडून पाहिला. मग म्हणाली, "डुलक्या, तू जागेपणी चुकतोस तेवढा झोपेत चुकत नाहीस."

तिने पिशवीतील रिकाम्या बाटल्यांची जोडी काढून सिस्टरच्या हातात दिली आणि सुताराच्या खाटेकडे पाहत तिच्या कानात काहीतरी सांगितले. सिस्टरचा चेहरा प्रथम प्रश्नार्थक झाला, आणि नंतर हळूहळू अगदी पांढरा.

संध्याकाळी सुताराला पुन्हा थंडी वाजून ताप भरला.

*

सोमवारी दुपारी बैठकीच्या खोलीत पाच माणसे होती: डॉक्टर, भांडारप्रमुख, सिस्टर, काटाबाई आणि आलेख भिंतीवर टाचणारा भाऊ. दाराशी मामांना खुर्ची दिली होती, गुडघ्यासाठी. खिडकीबाहेर तळे उन्हात पेंगत होते.

"तुमचं काय ते आटोपशीर सांगा," डॉक्टर म्हणाले. "ठराव तयार आहे."

"ठराव एका प्रश्नाचं उत्तर देतो. हट्टी जंतू वाढले कसे?" काटाबाई म्हणाली. "पण ते वाढलेलेच नाहीत. लाल रेषा सपाट आहे. परिचारिकांच्या हातांनी हट्टी जंतू पसरले असते तर ती चढली असती. तेव्हा सिस्टरांवरचा आरोप इथेच निकालात निघतो. प्रश्न निराळाच आहे. निळे जंतू गेले कुठे?"

"बरे झाले असतील लोक," भांडारप्रमुख म्हणाले.

"ताप तितकेच, बाटल्या तितक्याच. म्हणजे निळे जंतू माणसांत आहेत, पण तुमच्या मोजणीत येत नाहीत. कोणीतरी त्यांना वाटेत गाठतंय. माझ्या भावाचा पहिला संशय औषधभांडारावर होता."

भांडारप्रमुख खुर्चीत सरसावले.

"पण औषध कमअस्सल असतं तर निळे जंतू जास्त जगले असते. इथे ते दिसेनासे झालेत. तुम्ही सुटलात. मग यंत्र? यंत्र बिघडलं असतं तर समोरच्या वॉर्डाचे जंतूही हरवले असते. डॉक्टरही सुटले. राहिले मामा."

"मी जिन्यात बसतो, ते मी लपवत नाही," मामा म्हणाले.

"बसा खुशाल. गारठ्याने बाटलीतले जंतू मेले असते, तर लाल आणि निळे दोन्ही मेले असते. गारठ्याला कुठे कळतं, कोण हट्टी आणि कोण साधा? जिन्याला कळत नाही, मामांच्या गुडघ्याला कळत नाही, यंत्रालाही कळत नाही." तिने सर्वांकडे पाहिले. "माझं सगळं आयुष्य काटा बघण्यात गेलं. एकच पारडं हललं तर त्याच पारड्याला बोट लावणारा शोधायचा. इथे कोणीतरी नेमके निळे वेचून मारतंय आणि लाल तसेच सोडतंय. असा भेद करणारं या इमारतीत एकच आहे."

डॉक्टरांच्या चष्म्यामागील डोळे बारीक झाले. ते अगदी हळू म्हणाले, "औषध."

"औषध. तुमची व्याख्याच ती. ज्याला औषध मारतं तो साधा, ज्याला मारत नाही तो हट्टी. तेव्हा निळे जंतू तुमच्या मोजणीपर्यंत येण्याआधी त्यांना औषध भेटत असलं पाहिजे. रक्त बाटलीत पडण्याच्या आधी."

"रक्त आधी घ्यायचं, औषध नंतर द्यायचं. हे पहिल्या वर्षाच्या मुलींनाही ठाऊक असतं," डॉक्टर म्हणाले.

"ठाऊक सगळ्यांना आहे. पण हाताशी काय आहे? सिस्टरांनी खाटेच्या उशाशी औषध आणून ठेवलं. त्याच सुमारास तुम्ही वॉर्डातल्या बाटल्या उचलून खाली कुलपात ठेवल्या. तिथल्या कपाटात आता नुसते धुळीतले ठसे आहेत. रुग्ण थंडीने कुडकुडतोय, औषध एका हातावर, बाटली दोन मजले खाली आणि मामांचा गुडघा मध्ये. ज्या बाईने मास्तरांना जाताना पाहिलंय, ती बाटलीची वाट बघेल? ती औषध देईल. बाटल्या वर येतील तेव्हा रक्त काढलं जाईल. पण तोवर साधे जंतू औषधाने अर्धमेले होतात, बाटलीत वाढतच नाहीत. हट्टींना काही होत नाही, ते वाढतात, आणि तुमच्या भिंतीवर चढतात."

"आणि समोरचा वॉर्ड?" भांडारप्रमुखांनी विचारले.

"तुम्हीच सांगितलंत. त्यांचा मामा औषध आणि बाटल्या एकाच फेरीत नेतो. दोन्ही एकदम पोहोचतात, म्हणून क्रम चुकत नाही. त्यांच्या आळसाने त्यांचा आलेख वाचवला."

"बाटलीत औषध शोषून घेणारे मणी असतात," डॉक्टर म्हणाले. पण त्यांच्या आवाजात वादापेक्षा चाचपणी जास्त होती.

"सगळं शोषतात?"

"...नाही. सगळं नाही."

"सुताराने तर मला शनिवारीच सगळं सांगितलं होतं. आधी गार ओघळ, मग मुंगी. गार ओघळ म्हणजे शिरेत शिरणारं औषध. मुंगी म्हणजे रक्त काढायची सुई. सगळ्यांना ते बरळणं वाटलं. त्या माणसाचे जंतू दोन्ही खेपांना बाटलीत वाढले नाहीत, म्हणून औषध अर्ध्यावर थांबलं, म्हणून ताप परतला. शनिवारी मी सिस्टरांना एवढंच सांगितलं, पुन्हा ताप चढला तर ही जोडी आधी, मग ट्रे. सुई टोचायला लागतो तेवढाच उशीर, त्याहून जास्त नाही. पुढचं डॉक्टरांनी सांगावं."

डॉक्टर उठले, टेबलावरील झाकलेली थाळी त्यांनी उघडली आणि खिडकीच्या उजेडात धरली. ती त्यांनीच सकाळी प्रयोगशाळेतून आणली होती. पण आपण काय आणले आहे हे त्यांना जणू आता उमगत होते.

"काल दुपारी दिवा लागला," ते म्हणाले. "मला वाटलं, आणखी एक हट्टी."

थाळीवर, सर्वांत साध्या, सर्वांत जुन्या औषधाच्या टिकलीभोवती मोठे, नितळ खळे पडले होते.

"साधा जंतू," डॉक्टर म्हणाले. "नेहमीच्या औषधाने जाईल. पुरते दिवस दिलं की जाईल."

सिस्टरने एवढा वेळ मान वर केली नव्हती. ती म्हणाली, "म्हणजे मी पसरवले नाहीत. पण लपवले मीच."

"तुम्ही धावलात," काटाबाई म्हणाली.

"कोऱ्या बाटलीवर विसंबून घरी गेलेले असे किती असतील, बाई? सुतार परत आला म्हणून दिसला."

डॉक्टरांनी समोरचा ठराव उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. मग त्यांनी कमरेच्या साखळीची किल्ली काढली. ती बराच वेळ अडकून बसली. शेवटी त्यांनी दात लावून कडी सैल केली.

"बाटल्या वाया जाऊ नयेत म्हणून मी सगळं वर्ष वाया घालवलं," ते म्हणाले आणि किल्ली सिस्टरपुढे ठेवली. "बाटल्या उशाच्या ट्रेमध्येच ठेवा. औषधाच्या वर, म्हणजे हात आधी बाटलीला लागेल. आणि ज्यांना कोऱ्या शेऱ्यावर घरी पाठवलं, त्या सगळ्यांना बोलावू. मीही बसतो तुमच्याबरोबर."

"म्हणजे माझे दोन मजले वाचले," दाराजवळून मामा म्हणाले. सिस्टर हसली आणि त्याच हसण्यात तिने डोळे पुसले.

*

पुढे काही महिन्यांनी, अशाच एका दुपारी, सिस्टर पुन्हा आली. या खेपेस ती खुर्चीत मागे टेकून बसली. तिने भावाच्या हातात नवा आलेख ठेवला. लाल रेषा पूर्वीसारखीच सपाट होती. निळी मात्र तळातून वर येत होती, महिन्यामागून महिना, पाण्यात बुडी मारलेला माणूस श्वास घ्यायला वर यावा तशी.

"सगळे वॉर्डात येऊन आलेख बघून जातात," ती म्हणाली. "संसर्गाची रेषा चढतेय म्हणून खूश होणारं आमचंच रुग्णालय असेल."

"सुतार?" काटाबाईने विचारले.

"पुरते दिवस औषध घेऊन गेला. बोलावल्यावर बाकीचेही आले, बहुतेक." तिने आपल्या हातांकडे पाहिले. "दोघांच्या घरी उशिरा पोहोचलो आम्ही. डॉक्टर स्वतः गेले होते माझ्याबरोबर."

काटाबाईने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग सिस्टर म्हणाली, "मामा विचारत होते, भाऊंनी नवीन काही स्वप्न पाहिलं का?"

आलेख छातीवर धरून भाऊ केव्हाच झोपला होता. पांढऱ्या बोळातील पाण्याचा पाट आता बाजूने वाहत होता, आणि या काठावर निळ्या सदऱ्यांची माणसे एकामागून एक येऊन उभी राहत होती. बोळाच्या टोकाशी कोणीतरी त्यांना मोजत होते, एकालाही न वगळता. शेवटी दोन जागा रिकाम्या होत्या. मोजणारा तेथेही थांबला, आणि मग पुढे गेला.

काटाबाईने त्याच्या हातातून पेन्सिल हळूच काढून घेतली. "झोपू द्या," ती म्हणाली. "कामात आहे तो."